बर्फ थांबला तरी विमान का सुटत नाही?

इकडे हिवाळ्यात फ्लाइट रखडली की घरून फोनवर एक प्रश्न ठरलेला: बर्फ पडायचा थांबलाय ना, मग अडलंय कुठे? अडलेलं असतं ते धावपट्टीवरचा बर्फ काढणाऱ्या गाड्यांपाशी. त्या सगळ्या बाहेर आल्याची खात्री झाल्याशिवाय टॉवर विमानाला सोडत नाही.

मोठी धावपट्टी साधारण ४५ ते ६० मीटर रुंद, आणि एका गाडीचं पातं एका फेरीत जेमतेम पाच-साडेपाच मीटर साफ करतं. म्हणून गाड्या तिरक्या रांगेत निघतात. पुढचीने सारलेला बर्फ मागची आणखी कडेला ढकलते, शेवटी ब्लोअर तो कडेच्या दिव्यांपलीकडे भिरकावतो. मोठ्या गाड्यांना पुढे पातं, मधे फिरता ब्रश, मागे हवेचा झोत. आडवा वारा असेल तर वारा जिकडे वाहतोय तिकडेच ढकलायचं, नाहीतर काढलेलं सगळं परत येऊन पडतं. कडेला उंच ढीगही ठेवता येत नाहीत, कारण पंखाखालची इंजिनं जमिनीपासून फारशी वर नसतात. ब्रशच्या तुटलेल्या तारा हा आणखी एक ताप. त्या टायरमध्ये घुसू शकतात, म्हणून झाडून झालं की पुन्हा पाहणी.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ इथे वर्ज्य, त्याने विमानाचा धातू गंजतो. पोटॅशियम अ‍ॅसिटेट किंवा फॉर्मेटचं द्रावण मारतात, तेही शक्यतो बर्फ पडायच्या आधी. जाड थरावर वरून ओतलं तर ते पातळ होतं आणि पुन्हा गोठतं. म्हणजे पैसे मोजून काच तयार केली! शिवाय ही पोटॅशियमची रसायनं विमानाच्या कार्बन ब्रेकलाही हळूहळू खातात.

मग निसरडेपणाचं मोजमाप. नोव्हेंबर २०२१ पासून आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीने धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ६ असा आकडा देतात. कोरडी असेल तर ६. पाणी झालेला रबरबीत बर्फ, म्हणजे स्लश, ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर ५, त्याहून जाड झाला की एकदम २. दाबून घट्ट बसलेला बर्फ उणे १५ अंश किंवा त्याखाली असेल तर ४, त्याहून उबदार असेल तर ३. काचेसारखा गोठलेला १. त्याच काचेवर पाणी सुटलं की ०, आणि मग तो काढेपर्यंत विमानं बंद. कडाक्याची थंडी त्या मानाने बरी, शून्याभोवती घुटमळणारा पारा वाईट. नवख्याला हे पटायला एक हिवाळा जातो.

खरी जोखीम रेडिओवर असते. ताफ्यातर्फे टॉवरशी बोलतो तो एकटा म्होरक्या. मिळालेली परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवायची. ‘धावपट्टी मोकळी’ हे मात्र त्याने स्वतः बाहेर पडल्याबरोबर म्हणायचं नाही. शेवटची गाडी होल्डिंग लाइनच्या, म्हणजे धावपट्टीबाहेर थांबायच्या रेषेच्या मागे गेली, गाड्यांची मोजणी जुळली, की मग. पुढच्या ब्रशने उडवलेल्या भुकटीत मागच्या ड्रायव्हरला काही दिसत नाही, तो क्षणभर थांबला तरी दिशा हरवते. लाल स्टॉप बार, म्हणजे धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत बसवलेली दिव्यांची ओळ, पेटलेला असेल तर ओलांडायचा नाही, परवानगी ऐकल्यासारखी वाटली तरी.

कॅनडातल्या क्रॅनब्रुकला ११ फेब्रुवारी १९७८ रोजी बोइंग ७३७ कळवलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचलं. बर्फ काढणारी गाडी धावपट्टीवरच होती. चाकं टेकल्यावर, रिव्हर्सर (वेग कमी करायला इंजिनाचा झोत पुढे वळवणारी झडप) उघडल्यावर वैमानिकांना ती दिसली आणि त्यांनी विमान पुन्हा वर उचललं. एक रिव्हर्सर नीट बंद झाला नाही. ४९ पैकी ४३ जण गेले. मॉस्कोच्या व्नुकोवोला २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री उड्डाणासाठी धावणारं फाल्कन ५० हे छोटं जेट बर्फ काढणाऱ्या गाडीवर आदळलं. त्यात तोताल या तेल कंपनीचे प्रमुख क्रिस्तोफ द मार्जरी होते. विमानातले चौघेही वाचले नाहीत.

आता बऱ्याच ठिकाणी गाड्यांवर ठावठिकाणा कळवणारा ट्रान्सपाँडर असतो, टॉवरच्या पडद्यावर प्रत्येक गाडी नावानिशी दिसते. तरी म्होरक्या मोजतोच: आठ आत गेल्या, आठ बाहेर आल्या. मग विमान. बर्फ पडतच राहिला तर थोड्या वेळाने ताफा पुन्हा आत.