कौलांखालची तार

गुहागरकडच्या त्या घराचा नकाशा घराआधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर बघितला. आजींच्या डोंबिवलीच्या पुतण्याने पट्टी लावून काढलेला, आणि प्रत्येक दारावर, प्रत्येक खिडकीवर लाल टिंब. खाली मेसेज, "टिंब तिथे सेन्सर. मोजा आणि कोटेशन पाठवा."

मी चिपळूणला अलार्मची आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. नुसत्या नकाशावर कोटेशन द्यायला माझा हात धजत नाही. नकाशात भिंती दिसतात, माणसं कुठून कुठे चालतात ते दिसत नाही. त्यात घर कौलारू, आजी एकट्या, वय ऐंशीच्या आसपास. पुतण्याला म्हटलं, आधी बघून येतो, आणि दिवस मावळेपर्यंत थांबणार आहे, तसं आजींना सांगून ठेवा.

ओटीवर पाय ठेवला तर वाशाला एक हूटर लटकत होता. त्याच्याभोवती जुन्या लुगड्याची गोधडी सुतळीने आवळून बांधलेली.

"तो भोंगा होय?" आजी म्हणाल्या. "मागे कोणीतरी बसवून गेला. दिवसाआड बोंबलायचा. प्लग काढला तरी बोंबलतोय मेला! मग बांधला."

प्लग काढून तो थांबणार नव्हताच. पॅनेलच्या, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडतात त्या मुख्य यंत्राच्या, पेटीत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते ती नेमकी त्याचसाठी. चोराने मेनस्विच पाडला तरी यंत्रणा जागी राहावी. वीज गेल्यावर अशी बॅटरी लहान घराचं पॅनेल आणि चार-पाच सेन्सर साधारण दिवसभर सांभाळते. पावसाळ्यात आमच्याकडे तेवढी गरज पडतेच.

पेटी उघडून बघितली. आठ झोनचं, म्हणजे सेन्सरच्या आठ वेगळ्या वायरींवर लक्ष ठेवणारं पॅनेल, चांगलं होतं. पण झोनच्या टर्मिनलवरचे रेझिस्टर सगळे तिथेच, पेटीतच खोचलेले. अशी कामं बघितली की माझं डोकं फिरतं. हा २.२ किलोओमचा रेझिस्टर वायरीच्या शेवटच्या टोकाला, सेन्सरच्या पोटात बसायला हवा. पॅनेल त्या वायरीवर सतत २.२ किलोओम शोधत असतं. वायर कापली तर रोध अनंत होतो, कोणी दोन तारा एकमेकींना पिळून शॉर्ट केल्या तर जवळजवळ शून्य होतो. दोन्ही वेळी पॅनेल ओरडतं. रेझिस्टर पेटीतच ठेवला तर तारा शॉर्ट केल्यावरही पॅनेलला सगळं ठीकच दिसतं. मग सेन्सर भिंतीवर शोभेला.

पण दिवसाआड बोंबलण्याचं कारण ते नव्हतं. ते दिवेलागणीनंतर कळलं. माजघरात देवाच्या कोनाड्यावर, झिरोच्या दिव्याशेजारी, मोशन सेन्सर ठोकलेला. मी वॉक टेस्ट चालू केली. त्यात हूटर वाजत नाही, हालचाल टिपली की सेन्सरवरचा लाल दिवा तेवढा लुकलुकतो. मी आणि आजी ओटीवर जाऊन बसलो. माजघरात कोणी नाही. काही वेळाने लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. दबकत आत जाऊन टॉर्च मारला. सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावर एक पाल चारी पाय पसरून बसली होती, दिव्यावरच्या किड्यांवर डोळा ठेवून. ती सरकली की दिवा लागे. पालीचं अंग गार असलं तरी भिंगावरूनच चालल्यावर ती सेन्सरच्या नजरेचा मोठा भाग एकदम झाकते नि उघडते. सेन्सरला उष्णतेतला फरक कळतो, तो माणसाचा की पालीचा हे नाही कळत. शिवाय मागचं वायरीचं भोक उघडंच होतं, त्यातून मुंग्या आत. तिथे सिलिकॉनचं एक बोट फिरवलं असतं तरी बरंच भागलं असतं.

आजींना पाल दाखवली. "म्हणजे एवढे दिवस हिच्यासाठी शेजारचे भाऊ काठी घेऊन धावत येत होते?" त्या हसायलाच लागल्या.

मग मी पुतण्याचा नकाशा काढला आणि विचारलं, "आजी, तुमच्या वाडीत चोर कुठून येतात?"

हा प्रश्न मी सगळीकडे विचारतो. पोलिसांपेक्षा गावातल्या बायकांना याचं उत्तर पक्कं माहीत असतं. आजींनी वर बोट केलं.

"दारातून कोण येतंय! आमची दारं फणसाची, आतून अडसर. खिडक्यांना गज. येतात ते कौलं काढून. अमक्यांकडे तसेच उतरले, सैंपाकघरात."

झालं. एका वाक्यात सगळी लाल टिंबं निकालात. खिडक्यांवरचे मॅग्नेट, म्हणजे खिडकी उघडली की कळवणारे सेन्सर, तर तसेही निरुपयोगी, कारण मॅग्नेट खिडकी बंद असली तरच पहारा करतं, आणि आजी वाऱ्यासाठी रात्रभर खिडक्या उघड्या ठेवून झोपतात. गज असलेली खिडकी उघडी राहिली तर बिघडलं काय? फक्त पुढचं आणि मागचं दार, एवढीच दोन टिंबं मी ठेवली.

मग वर बघत घरभर हिंडलो. माजघर आणि बाळंतिणीची खोली यांवर फळ्यांचा माळा. तिथून खाली यायचं तर जिन्याच्या झडपेतूनच. पण सैंपाकघर आणि मागची पडवी थेट कौलांखाली. वर बघितलं की वासे, रिपा आणि त्यांवर मंगलोरी कौलं. दोन कौलं सरकवली, एखादी रीप मोडली, की माणूस खाली. म्हणजे सेन्सर हवा तो सैंपाकघरात आणि पडवीत. सरळ हिशोब.

"आजी, रात्री उठता का?"

"उठते की. दोनदा, तीनदा. वयच झालं."

"जाता कुठून?"

माजघरातून सैंपाकघरात, तिथून पडवीत, पडवीच्या टोकाला न्हाणी. म्हणजे चोर जिथे उतरणार नेमकी तीच आजींची रात्रीची वाट. तिथे मोशन सेन्सर लावला तर पहिल्याच रात्री भोंगा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोधडी. उठताना आधी बटण दाबा, आल्यावर पुन्हा दाबा, हे अर्धवट झोपेतल्या म्हाताऱ्या माणसाला सांगण्यात अर्थ नाही. पडद्यासारखा पातळ पट्टा बघणारे सेन्सर येतात. ते आडवे करून तुळईच्या उंचीवर लावायचं डोक्यात आलं. आजी खालून जातील, वरून येणारा पट्टा तोडेल. तेवढ्यात तुळईवरून एक बोका डुलत डुलत गेला. आजी म्हणाल्या, "उंदरांसाठी असतो तो. रोजचाच." तो विचार तिथेच संपला.

मग आठवली ती जुनी पद्धत. मोशन सेन्सर स्वस्त होण्याआधी लोक छताला आणि दाराच्या फळ्यांना बारीक तार ओवायचे. तार तुटली की घंटा. आज कोणी करत नाही, कारण वेळखाऊ आहे आणि कंपन्यांना त्यात विकायला काही नाही. पण इथे ती चपखल बसत होती. दोन रिपांमधलं अंतर फूटभर. त्याच्या बरोबर मध्यावर, वाशांच्या खालून, एक तार. म्हणजे रीप मोडली तरी माणसाला शिरायला दोन तारांमध्ये फूटभरच फट. कौलं काढून तो खांदे आत घालणार तर तार तुटणारच. आजी खालून शंभर वेळा जावोत, बोका तुळईवर झोपो. तार कशाला तुटते?

मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळते ती ३६ गेजची, इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार घ्यायचं ठरवलं. ही पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक असते, पाऊण किलोच्या आसपास ताणाला तुटते, आणि काळोखात वरून दिसत नाही. सैंपाकघर नि पडवी मिळून सुमारे १४० मीटर लागणार होती. मीटरला साधारण ०.६ ओम धरला तर ८०-८५ ओम झाले, २,२०० पुढे काहीच नाही. पॅनेल तेवढा फरक पोटात घालतं. रेझिस्टर न्हाणीच्या कोपऱ्यात, तारेच्या शेवटच्या टोकाला. हा झोन चोवीस तासांचा ठेवला, म्हणजे यंत्रणा बंद असली तरी तो जागाच. आजींनी चालू-बंद करायचा प्रश्नच नाही.

बाकीचं भराभर झालं. बाळंतिणीच्या खोलीत लोखंडी कपाट, दागिने आणि कागदपत्रं तिथेच. रात्री त्या खोलीत कोणी जात नाही, म्हणून तिथे एक मोशन सेन्सर, कोपऱ्यात सात फुटांवर. सेन्सरला समोरून चालत येणारा माणूस उशिरा कळतो, आडवा जाणारा पटकन कळतो, म्हणून तोंड असं केलं की कपाटाकडे जाणारा आडवाच जाईल. मे महिन्यातल्या तापल्या दुपारी खोलीची आणि अंगाची उष्णता जवळ जवळ आली की हे सेन्सर मंदावतात. म्हणून चाचणी मी मुद्दाम भर दुपारीच ठेवली. पॅनेलही याच खोलीत हलवलं. पुतण्या फोनवर वायरलेसच्या मागे लागला होता. दीड-दीड फुटांच्या जांभ्याच्या भिंती, दमट हवा, आणि प्रत्येक सेन्सरची वेगळी बॅटरी बदलायला कोण येणार? वायरी पीव्हीसी पाइपातून, लाकडाच्या कडेने. जांभ्यात रावळप्लग धरत नाही, भुगाच होतो. आणि २३० व्होल्टच्या वायरिंगपासून फूटभर लांब.

हूटर ओटीवरून काढला. तिथे तो ओरडायचा आजींच्या कानात आणि समोरच्या पोफळींना. ऐकायला हवा तो भाऊंना, म्हणून गडग्याच्या बाजूच्या वळचणीखाली नेला. पॅनेलपासून वायरीचा रस्ता २८ मीटर. अलार्मच्या नेहमीच्या बारीक चार-कोअर वायरने नेला असता तर जाऊन-येऊन साडेचार ओम. हूटर एक अँपिअर ओढतो, म्हणजे साडेचार व्होल्ट वाटेतच गेले. बाराचे साडेसात उरले तर भोंगा कसला, पिपाणी. तिथे घरगुती दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली. घट पाऊण व्होल्टच्या आत.

फोनच्या क्रमावरून मात्र वाद झाला. अलार्म वाजला की डायलर एकेक नंबर लावतो. पुतण्याला स्वतःचा नंबर पहिला हवा होता.

"तुम्ही डोंबिवलीत उठून करणार काय?" मी विचारलं.

"भाऊंना फोन करीन."

"तेच डायलर करतो, आणि झोपेत नसतो."

भाऊ पहिले, त्यांचा मुलगा दुसरा, पुतणे तिसरे. नाराजी राहिली थोडी.

आजींपुढे कीपॅड धरला तर त्यांनी चष्मा काढूनच ठेवला. आकडे लक्षात राहायचे नाहीत म्हणाल्या. कमरेला जुडगा होता, त्याकडे बघून मला सुचलं, की-स्विच लावू. किल्ली फिरवली की चालू, उलटी फिरवली की बंद. "किल्ली होय? मग जमेल," म्हणत त्यांनी ती लगेच जुडग्यात ओवली. आणि मग, "नारळांचं काय? चोरी खरी तिथेच होते." माडांसाठी माझ्याकडे काही नव्हतं.

तार ओवायला माझे दोन्ही पोरगे दिवसभर शिडीवर होते, मानेला तेल चोळत उतरले. चाचणीसाठी भाऊंच्या मुलाला छपरावर चढवलं. त्याने दोन कौलं सरकवली, हात आत घातला. तार आधी थोडी ताणली गेली, आणि कोपर आत येईपर्यंत तुटली. गडग्यापलीकडून भाऊ ओरडले, "वाजला, वाजला!" तुटलेली टोकं खरवडून, डाग देऊन जोडली.

एकच अडचण उरते, शाकारणीची. मेअखेर गडी कौलं परतायला चढतात तेव्हा हा झोन बायपास, म्हणजे तेवढ्यापुरता बंद, करावा लागतो, आणि ते उतरल्यावर सगळी तार मीटरने तपासावी लागते. ती तारीख आजींनी मला आधी कळवायची, असं ठरलं.

बिल गेल्यावर पुतण्याचा फोन आला. "यात ३६ गेज वाइंडिंग वायर लावलीय. विहिरीचा पंप जळला होता का?"