फुटक्या कवडीच्या आत

परवा ड्रॉवर आवरताना एक फुटकी कवडी सापडली, पाठीचा टवका उडालेला, टाकून देणार होते पण सहज आत डोकावले तर चक्क शंखासारखी वेटोळी! इतकी वर्षं कवड्या हातात खेळवल्या पण ही एक गोगलगाय आहे हे मनाला कधी पटलंच नव्हतं, कारण बाहेरून वेटोळं कुठे दिसतच नाही ना.

माझी ती पिवळट, ओबडधोबड कडांची, साधारण अडीच सेंटिमीटरची. म्हणजे पैसा म्हणून चालायची तीच जात, मोनेटारिया मोनेटा. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली नाव देतानाच त्यात 'मोनेटा' घातलं, म्हणजे नाणं. तर ही लहान असते तेव्हा तिचा शंख पातळ असतो, तोंड रुंद आणि टोकाला छोटंसं वेटोळं स्पष्ट दिसतं. मग वयात आली की तोंडाची कड आत वळते, जाड होते, तिच्यावर ते दात उमटतात आणि शेवटचा वेढा आधीचे सगळे वेढे पोटात घेतो. तिथून पुढे लांबी वाढत नाही, फक्त जाडी. ते दात खायचे नाहीतच, खायला आत कानशीसारखी खरखरीत जीभ असते, तिने ती दगडांवरचं शेवाळ खरवडते.

आणि ती चकाकी! मला वाटायचं समुद्राच्या पाण्याने घासून येत असेल, पण उलट आहे, वाळूत घासली की कवडी निस्तेज होते. जिवंत असताना तिच्या अंगाचा पातळ पडदा, मँटल म्हणतात त्याला, दोन्ही बाजूंनी वर येऊन अख्खी पाठ झाकतो आणि बाहेरून थरावर थर चढवत राहतो. म्हणून तिच्यावर सहसा शेवाळ धरत नाही.

हीच चकाकी तिच्या जिवावर उठली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३ मध्ये मालदीवला पोचला, त्याने लिहिलंय की लोक समुद्रातून कवड्या काढून खड्ड्यात पुरायचे, मांस कुजलं की उरलेला शंख म्हणजे पैसा, आणि तो बंगालला जायचा तांदळाच्या बदल्यात. पुढे बंगालमध्ये ५,१२० कवड्यांचा एक रुपया असा हिशोब होता. आणि डच, इंग्रज जहाजांनी याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन त्यांच्यावर माणसं विकत घेतली, हे वाचल्यापासून 'कवडीमोल' हा शब्द मला सहज वापरवत नाही. घानाच्या चलनाचं सेदी हे नावही तिथल्या कवडीच्या शब्दावरूनच आलंय.

ओहोटीला खडकात फिरताना दगड उलटवून बघितलात तर प्लीज होता तसा परत ठेवा. कवडीची मादी अंडी घालून त्यांच्यावर बसून राहते, आणि ती बहुतेक दगडाच्या खालच्याच अंगाला असते.