मे महिन्यातली वाकळ आणि दुसुतीचे पोपट

मे महिना संपता संपता वाकळेच्या (गोधडीच्या) शिवणीच्या १७ फेऱ्या झाल्या आहेत आणि दुसुतीच्या, म्हणजे घरे मोजून भरतकाम करायच्या सुती कापडाच्या, टेबलक्लॉथवरच्या आठ पोपटांपैकी तीन भरून झाले आहेत. महिन्याच्या सुरुवातीला मी याहून अधिक काम होईल असे धरले होते. पण दोन्ही कामांत पहिले दहा दिवस टाके घालण्यापेक्षा टाके उसवण्यात आणि जुने काम निरखण्यात गेले, आणि आता मागे वळून पाहताना त्या दहा दिवसांबद्दलच मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते.

आमच्या साताऱ्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. ती उन्हाळ्यातच शिवायला घेतात, कारण जुनी लुगडी धुऊन कडक उन्हात वाळवता येतात आणि मृगाचा पाऊस सुरू होऊन शेतातली कामे निघण्यापूर्वी घरातल्या बायकांना सलग बसायला सवड मिळते. मी शेतात राबत नाही. तरीही सकाळी सहा ते आठ ही वेळ वाकळेसाठी आणि दुपारची खिडकीतल्या उजेडातली वेळ भरतकामासाठी, अशी वाटणी या महिन्यात ठरून गेली. अंगावर जाड वाकळ घेऊन मेच्या दुपारी बसणे शक्यच नव्हते.

आजीची वाकळ माझ्याकडे आली तेव्हा तिचे वरचे कापड हात लावताच फाटत होते. नवे कापड चढवायचे म्हणून मी कडेचा दोरा उसवला, तर आत निराळीच एक वाकळ निघाली. वरचे कापड विरले की टाकून न देता त्यावरच नवे लुगडे चढवण्याची पद्धत मला ऐकून माहीत होती, पण ती डोळ्यांनी पाहिली ती आता. आतल्या थरावर खणाच्या चोळीचे तुकडे चौकोनी ठिगळांसारखे लावलेले होते. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, गर्द जांभळा. त्यातली विणलेली बारीक बुट्टी अजून बोटाला लागत होती आणि एका तुकड्यावर चोळीच्या बाहीची जुनी शिवणही तशीच होती. आत्याला दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही आईची चोळी. मी लहान असताना नेसायच्या लुगड्यावर घालायची ती." आतला तो थर उसवायचा नाही, हे त्याच वेळी ठरले. मी वरची विरलेली कापडे तेवढी काढली आणि आतली वाकळ जशीच्या तशी मध्ये ठेवली.

नव्या आवरणासाठी आजीचेच एक सुती नऊवारी लुगडे होते. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक तुकडा पावणेसात फुटांचा होतो, आणि या लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच असल्यामुळे दोन तुकड्यांत एका माणसाच्या वाकळेची खालची आणि वरची बाजू बरोबर झाली. उरलेले दोन तुकडे मी दुसऱ्या वाकळेसाठी घडी करून ठेवले आहेत. वापरून मऊ झालेल्या सुती कापडात खळ उरलेली नसते, म्हणून सुई सहज जाते. त्यात एखादी पॉलिस्टरची साडी मिसळली तर ती थरांमध्ये सरकते, आणि धुतल्यावर सुती कापड आटते पण ती आटत नाही, त्यामुळे सगळीकडे फुगे येतात. लुगड्याच्या लाल काठाचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधी पाहिले. फडके गुलाबी झाले. मग तीन वेळा मिठाच्या पाण्यात भिजवून धुतले, आणि फडके कोरे राहिले तेव्हाच कापड पसरले.

वाकळ कुठून शिवायला घ्यायची यावर माझे आणि आत्याचे मतभेद झाले. परदेशी क्विल्टिंग शिकवणारे बहुतेक जण मधून सुरुवात करून कडेकडे जायला सांगतात, म्हणजे कापडाचा जास्तीचा भाग बाहेर सरकत जातो. आत्याने मला तसे करू दिले नाही. "आधी कडा बांध. कडा बांधल्या म्हंजी थर हलत न्हाईत," असे तिचे म्हणणे. आपल्याकडच्या वाकळा कडेपासून फेऱ्या घेत मध्याकडे जातात, आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या बायका आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही, तशीच कडेपासून आत शिवत नेतात. मी आत्याचे ऐकले आणि मला ते पटले आहे. वीतभर अंतरावर कच्चे टाके नीट घातले असतील तर आत येणारी बारीकशी चुणी अंगठ्याने दाबून टाक्याखाली घेता येते, आणि अशा दोनचार चुण्यांनी वाकळेचे काही बिघडत नाही.

धावदोऱ्याचा हिशोब मी वहीत ठेवला आहे. बाहेरची पहिली फेरी २१ फुटांची. दोन फेऱ्यांत पाऊण इंचाचे अंतर ठेवले की प्रत्येक पुढची फेरी अर्ध्या फुटाने कमी होत जाते, आणि ३० फेऱ्यांत मध्य गाठला जातो. एकूण शिवण सुमारे ४१२ फूट. त्यातली २८९ फूट झाली. इंचाला चार टाके धरले तर हे चौदा हजारांच्या आसपास टाके होतात. दोऱ्याला मेण लावल्याने तो पिळून गुंतत नाही, आणि सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घालण्याचा आळस केला त्या दिवशी मधल्या बोटाच्या टोकाला सुईने भोक पाडले, एवढे इथे नोंदवून ठेवते.

दुसुतीचे काम हे आईच्या रुखवतातल्या टेबलक्लॉथची नक्कल आहे. मूळ कापडाला आता घडीवर चिरा पडल्या आहेत. चारही कोपऱ्यांत समोरासमोर बसलेले दोन दोन पोपट आणि कडेने डाळिंबाची वेल, असा तो नमुना. एक पोपट ३६ घरे रुंद आणि ३६ घरे उंच आहे, आणि त्यात साधारण ५४० फुल्या, म्हणजे गुणिलेच्या चिन्हासारखे टाके, आहेत. घरे मोजून तो मी आलेखाच्या कागदावर उतरवला, पण रंग कोणते घ्यावेत ते कळेना, कारण वर्षानुवर्षे उन्हात राहून पोपटाचा हिरवा रंग राखाडी पडला होता. कापड उलटे केल्यावर त्याचे उत्तर मिळाले. मागच्या बाजूला ऊन पोहोचलेले नव्हते. तिथे हिरवा अजून कोवळ्या भातासारखा होता आणि चोचीचा लाल डाळिंबाच्या दाण्यासारखा. दुकानात लड्यांचे रंग जुळवताना मी आईचे कापड उलट्या बाजूने समोर धरले.

त्या उलट्या बाजूने आईची पद्धतही सांगितली. मागे सगळीकडे ताठ, उभ्या, समांतर रेषा आहेत. म्हणजे ती एका ओळीतल्या अर्ध्या फुल्या जाताना घालत होती आणि येताना त्याच ओळीवर दुसरा अर्धा टाका टाकत होती. तसे केल्याने वरचा टाका प्रत्येक फुलीत एकाच दिशेला पडतो आणि कापडावर एकसारखी चमक येते. फक्त एका कोपऱ्यातल्या पोपटामागे रेषा तिरप्या आहेत आणि दोन जाड गाठी आहेत. तो कोपरा आईच्या हातचा नाही असे मला ठामपणे वाटते. बहुधा मावशीने मदत केली असावी. आता विचारायला दोघीही नाहीत. त्या कोपऱ्यातला पोपट मी तिरप्या टाक्यांनीच भरणार आहे.

माझा पहिला पोपट मात्र उसवावा लागला. दुसुती घेताना मी फक्त आडवी घरे मोजली, ती इंचाला १२ होती. उभी घरे ११ निघाली. त्यामुळे तीन इंच रुंद पोपट सव्वातीन इंचांहून थोडा उंच झाला आणि मान ताणल्यासारखा दिसू लागला. दुसरे कापड आणले, या वेळी दोन्ही बाजूंनी पट्टी लावून मोजले, आणि पुन्हा सुरुवात केली. सहापदरी लडीतले तीन पदर घेते, हातभर लांब. सुरुवातीला गाठ न मारता दोऱ्याचे टोक पहिल्या पाच फुल्यांखाली दाबते. तीन पोपटांच्या मागे सध्या एकही गाठ नाही.

वाकळेच्या १३ फेऱ्या उरल्या आहेत. आता हात कडेवरून मध्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अर्धी वाकळ गुंडाळून मांडीवर घ्यावी लागते, आणि सुई आतल्या खणाच्या थराशी आली की ती किंचित अडते. तिथे मी टाका जरा मोठा घेते, म्हणजे आजीच्या चोळीची शिवण फाटत नाही.