आडवा पाय

आज सकाळी दूध घेण्यासाठी बाबांनी फाटक उघडले आणि दहा वर्षांच्या सवयीने डावा पाय फटीत आडवा धरला, कारण तेवढ्याशा फटीतून आमचा कुत्रा शेरू थेट रस्त्यावर पळत असे. पाय क्षणभर तसाच राहिला. दूधवालाही काही बोलला नाही.

शेरूला जाऊन चार दिवस झाले. रविवारी सायंकाळी तो पोळी खाऊन अंगणात बसला होता आणि रात्री त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. प्लीहा या पोटातल्या अवयवावरची गाठ फुटून आत रक्तस्राव झाला होता. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींच्या वयस्क कुत्र्यांत अशी गाठ फुटेपर्यंत बहुधा काहीच कळत नाही, हे डॉक्टरांनी बाबांना दोनदा समजावून सांगितले. तरीही ते मला रोज विचारतात, "तो जिन्यावर थांबला होता ना, तेव्हाच न्यायला हवे होते का?"

शेजारच्या काकू मायेनेच म्हणाल्या, "दुसरे पिल्लू आणा." माणूस गेल्यावर लोक भेटायला येतात, तेरा दिवस घर त्या दुःखासाठी मोकळे ठेवतात, बाबा मात्र सोमवारीच डबा घेऊन कामावर गेले.

संध्याकाळी फाटकाशी ते पुन्हा थांबतील. तेव्हा मी त्यांना काय म्हणावे?