डॅड्स आर्मीचा शेवटचा भाग आणि आमची श्रुतिका : कुठवर आलंय काम

मंडळी, बरेच दिवस अपडेट टाकलं नव्हतं, आज सगळं एकदम लिहितो. 'डॅड्स आर्मी' म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या होम गार्डच्या, गावोगावच्या स्वयंसेवक पहारेकऱ्यांच्या, एका तुकडीवरची बीबीसीची विनोदी मालिका. आधी तिचा टीव्हीचा भाग बघायचा आणि लगेच त्याच दिवशी त्याचं बीबीसी रेडिओचं रूप ऐकायचं, हा आपला उपक्रम आता संपत आलाय, कारण मी 'नेव्हर टू ओल्ड' या भागाला पोचलोय. १३ नोव्हेंबर १९७७, रविवार. नऊ सीरिज आणि ८० भागांतला हा शेवटचा. पण याला रेडिओची जोडच नाही, कारण रेडिओवरची मालिका जानेवारी १९७४ ला सुरू झाली आणि ६७ भाग करून सप्टेंबर १९७६ ला थांबली, आणि हा भाग तर त्यानंतर वर्षभराने आला. मग म्हटलं इतकं ऐकून झालंय, आता आपणच याची श्रुतिका लिहून बघू. बाहेर कुठे टाकायची नाही, घरच्या घरी, आपल्यासारख्या चार वेड्यांना ऐकवायला. संवाद इंग्लिशच ठेवलेत.

हॅरल्ड स्नोड आणि मायकल नोल्स या दोघांनी मालिकेचे लेखक पेरी आणि क्रॉफ्ट यांच्या टीव्ही स्क्रिप्ट्स रेडिओसाठी कशा बदलल्या ते नीट कान देऊन ऐकलं की एक गोष्ट कळते, ते जिथे टीव्हीवर नुसतं बघून हसू येतं तिथे पात्राच्या तोंडी काहीतरी घालतात, पण ते माहिती दिल्यासारखं कधी वाटत नाही. आणि सुरुवातीला जॉन स्नॅगचा आवाज. हा माणूस युद्धाच्या काळात खरोखर बीबीसीवर बोलायचा, त्याच्या दोन वाक्यांत १९४० उभं राहतं, सेट लागत नाही की गणवेश लागत नाही. नट टीव्हीवरचेच, फक्त वॉकर हे पात्र करणारा वेगळा, कारण टीव्हीवरचा वॉकर जेम्स बेक १९७३ मध्येच गेला होता, त्याच्या जागी आधी ग्रॅहम स्टार्क आणि नंतर लॅरी मार्टिन. दुसऱ्या सीरिजचे तीन भाग टीव्हीच्या टेपवरून कायमचे पुसले गेलेत पण त्या तिन्ही गोष्टी रेडिओ रूपात अजून ऐकता येतात, त्यामुळे रेडिओ मालिकेला दुय्यम म्हणणाऱ्यांशी मी तरी कायम भांडतो.

जाता जाता, नोल्स म्हणजे 'इट एन्ट हाफ हॉट मम'मधला कॅप्टन अ‍ॅशवुड. ती मालिकाही पेरी-क्रॉफ्टचीच, आणि घडते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत, कारण जिमी पेरी स्वतः सैन्यात असताना देवळालीला होता आणि तिथल्या, सैनिकांची करमणूक करणाऱ्या कॉन्सर्ट पार्टीत काम करायचा. त्याआधी पोरसवदा वयात होम गार्डमध्येही होता. म्हणजे दोन्ही मालिका त्याने जगलेल्याच.

आता भागाकडे. गोष्ट साधी आहे, म्हातारा जोन्स मिसेस फॉक्सशी लग्न करतोय, तुकडीचा कॅप्टन आणि गावातल्या बँकेचा मॅनेजर मॅनरिंग याने कन्यादान करायचं, लग्न लागतं, पार्टी रंगात आलेली असते आणि तेवढ्यात अलर्ट येतो, मग नवरदेवाची लग्नाची रात्र पिअरवर, म्हणजे समुद्रात गेलेल्या लाकडी धक्क्यावर, पहाऱ्यात. लग्नापर्यंतची स्क्रिप्ट पूर्ण झालीय. यात सगळ्यात डोकं कुठे खाल्लं असेल तर विल्सनच्या गणवेशाने. टीव्हीवर विल्सन, म्हणजे तुकडीत मॅनरिंगचा सार्जंट आणि बँकेतही त्याच्या हाताखालचा, लग्नाला पहिल्या महायुद्धातल्या कॅप्टनच्या गणवेशात येतो आणि इतकी वर्षं त्याच्यावर रुबाब झाडणाऱ्या मॅनरिंगचा चेहरा बघण्यासारखा होतो. मॅनरिंग झालेल्या आर्थर लोचा तो चेहरा ऑडिओत आणायचा कसा? कुणीतरी बोलायलाच हवं, आणि न विचारता बोलणारा प्लॅटूनमध्ये एकच, सगळ्यात लहान पोरगा पाईक. म्हणून पाईकला "अंकल आर्थर" अशी विल्सनला हाक मारून ओरडायला लावलंय आणि खांद्यावर, बाहीवर काय दिसतंय ते तो पोराच्या उत्साहात बोलून टाकतो. त्यानंतर मॅनरिंग गप्प. पण रेडिओवर निव्वळ शांतता ठेवली तर ऐकणाऱ्याला वाटतं बंद पडलं की काय, म्हणून मागे हॉलमधली माणसं, कपबशा, कुणाचं तरी खोकणं हे चालू ठेवलं आणि फक्त मॅनरिंगला बोलू दिलं नाही. सगळे बोलतायत आणि हा एकटा बोलत नाहीये, हे कानाला बरोबर कळतं.

तुकडीतल्या म्हाताऱ्या गॉडफ्रीचंही तसंच. टीव्हीवर तो नुसता कोपऱ्यात उभा राहिला तरी असतो, ऑडिओत जो बोलत नाही तो खोलीतच नसतो. मूळ रेडिओ मालिकेत गॉडफ्री झालेला आर्नल्ड रिडली किती छोट्या छोट्या होकारांनी हजेरी लावून जातो ते परत ऐका, मी प्रत्येक प्रसंगात त्याला अर्धं वाक्य तरी दिलंय.

पिअरचा आवाज हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे वाळूवर फुटणारी लाट चालत नाही, ती ऐकली की डोळ्यासमोर बीच येतो. पिअर म्हणजे लाकूड आणि खाली पाणी, खांबांना थपथप लागणारं. ते टबात हात हलवून केलं, माईक अगदी पाण्याजवळ धरून. पावलांसाठी दोन विटांवर जाड फळी टाकली आणि तिच्यावर बूट घालून चालायचं, फळी मध्ये पोकळ राहिली की बुटाचा आवाज खोल येतो आणि लगेच पटतं की खाली काही नाहीये. हा तुकडा मला फार आवडलाय, दिवसातून एकदा तरी लावून ऐकतो.

मॅनरिंगचं काम आमच्या सोसायटीतले एक काका करतायत, आकाशवाणीवर पूर्वी श्रुतिका करायचे. मॅनरिंगशी कायम भांडणाऱ्या वॉर्डन हॉजेसबद्दल त्यांनी पहिल्याच वाचनाला सांगितलं, "अरे, हॉजेसला माईकपासून लांब उभं कर, तो आत आलेला माणूस नाही, दारातून टोमणा मारून जाणारा आहे." अगदी खरं. हॉजेस येतो, तुम्ही म्हातारे खऱ्या सैनिकांपुढे काय टिकणार असं म्हणून जातो, आणि तो गेल्यावर जे उरतं तिथेच हा भाग आहे. मॅनरिंग म्हणतो आपण एकत्र राहू, कोणी आपली घरं किंवा आपलं स्वातंत्र्य घ्यायला आलं तर लढू, आणि आपण एकटे नाही, इंग्लंडभर आपल्यासारखे हजारो आहेत. तुकडीतला स्कॉटिश फ्रेझर मध्येच स्कॉटलंड आठवून देतो. मॅनरिंग लगेच तेही घेतो. मग विल्सन सुचवतो की त्या सगळ्यांसाठी एक घोट घेऊ या, आणि आयुष्यात एकदा मॅनरिंगला त्याचं पटतं.

आणि मग ते सगळे वळून थेट कॅमेऱ्याकडे बघतात आणि ब्रिटनच्या होम गार्डच्या नावाने हातातले मग उंचावतात. त्यावेळी घराघरात खरे होम गार्डवाले टीव्हीसमोर बसलेले असणार, १४ मे १९४० ला अँथनी ईडनने रेडिओवरून हाक दिल्यावर नाव नोंदवलेले. त्यांची संख्या पुढे पंधरा लाखांच्या घरात गेली होती, आणि प्रक्षेपणाचा तो रविवारही रिमेम्ब्रन्स संडे, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा. पडद्यावरचेही काही नुसते नट नव्हते. रिडली ८१ वर्षांचा, पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत जखमी झालेला. फ्रेझर झालेला जॉन लॉरी ८० चा, होम गार्डमध्ये खरंच होता. जोन्स झालेला क्लाईव्ह डन तेव्हा फक्त ५७ चा, पण चार वर्षं जर्मनांच्या कैदेत काढलेला. व्हर्जर, म्हणजे चर्चचा सेवक, झालेला एडवर्ड सिंक्लेअर तर शूटिंग झालं आणि भाग लागायच्या आत ऑगस्टमध्ये गेला. हे सगळं माहीत असलं की ती नजर सोसत नाही.

आता ऑडिओत नजर कुठून आणणार. निवेदक घालून "ते आपल्याकडे बघतात" म्हणणं मला अजिबात मान्य नाही, ग्रुपमध्ये दोघांनी सुचवलं होतं पण मी अडून बसलो. आम्ही असं केलंय की त्या प्रसंगात सगळे माईकपासून हातभर मागे, प्रत्येकाचा आवाज त्या खोलीत पसरलेला, खाली पाणी चालू. विल्सनच्या वाक्यापासून पाणी हळूहळू कमी करत न्यायचं. त्यानंतर मग उचलल्याचा आवाज, एनॅमलचेच वापरलेत, काच किणकिणते आणि हॉटेल आठवतं, एनॅमल फक्त टक् करतं. आणि तेवढ्यात सगळ्यांनी एक एक पाऊल पुढे यायचं, माईकच्या अगदी जवळ, आणि शेवटचे शब्द हळू बोलायचे, ओरडायचे नाहीत. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा ते कुणीतरी माझ्या कानाशी येऊन माझ्यासाठी बोललं असं वाटलं, अंगावर काटा आला. चेहरा वळण्याच्या जागी आवाज जवळ येणं, माझ्या मते हेच उत्तर आहे, कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

अजून एक, ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. स्नोड-नोल्सनीच पुढे 'इट स्टिक्स आऊट हाफ अ माईल' ही रेडिओ मालिका केली, काळ १९४८, आणि विषय काय तर मोडकळीला आलेला पिअर विकत घेणं! पायलट १९८१ चा, त्यात मॅनरिंग कर्ज मागायला बँकेत जातो आणि मॅनेजरच्या खुर्चीत विल्सन. आर्थर लो एप्रिल १९८२ ला गेला, मग पाईक आणि हॉजेसला घेऊन १३ भाग केले. पहिला भाग लागला १३ नोव्हेंबर १९८३ ला, म्हणजे टीव्हीच्या शेवटच्या भागाचीच तारीख, आणि दोन दिवसांत विल्सन झालेला जॉन ल मेझररही गेला. टीव्हीचा शेवट बघितल्यावर लगेच हा पायलट ऐका, मध्ये दुसरं काही नको.

राहिलेलं काम: पार्टीतला गोंगाट परत रेकॉर्ड करायचाय, बायकांचे आवाज कमी पडतायत आणि मिसेस फॉक्सचं हसणं मोठं हवं, पामेला कंडेल हसायची तसं पोट भरून. पाईकच्या आईच्या, मिसेस पाईकच्या, कामाला अजून कुणी मिळालेली नाही. हॉजेसही हवाय, खडा आवाज असलेला, शनिवारी संध्याकाळी पुण्यात येऊ शकणारा कुणी असेल तर कळवा, फळी आणि विटा तयार आहेत.