न दिसणारा डोंगर

फेरीचा विषय निघाला की आमच्या घरात पहिला प्रश्न देवाचा नसतो, चपलेचा असतो. बुटात पाणी भरतं. सँडलमध्ये खडे शिरतात. स्लिपर पहिल्याच शेतात चिखल गिळून टाकतो. आणि अनवाणी चालायचं तर तळपाय शहरात राहून लोण्यासारखे झालेले. दरवर्षी आठवडाभर ही चर्चा चालते आणि दरवर्षी निर्णय चुकतो.

तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी म्हणजे काय, हे नाशिककराला सांगायला नको. त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडात बुडी मारायची, डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि चालत सुटायचं. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, मोठी तिच्या दुप्पट. आम्ही लहानवाले. मोठी करून आलेल्यांसमोर आवाज खाली ठेवूनच बोलतो.

यंदा मी शहाणपण केलं. चांगले महागाचे ट्रेकिंगचे बूट घेतले. दुकानदाराने बूट उलटा करून तळव्याच्या नक्षीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, हा घसरणारच नाही." मेहुण्याने तीन वर्षांची जुनी प्लॅस्टिकची सँडल काढली आणि माझ्या बुटांकडे बघून काहीच बोलला नाही. ते न बोलणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी रात्री एसटीने निघालो तेव्हा नाशकात नुसती भुरभुर होती. महिरावणी गेलं आणि काचेवर टपटप सुरू झाली. अंजनेरीला ड्रायव्हरचे वायपर पाण्यापुढे हात टेकत होते. हे नेहमीचंच. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिकडे इगतपुरीला ३००० च्या वर. ढग घाटमाथ्यावरच बहुतेक रिकामे होतात, आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्र्यंबक त्या रिकामं होण्याच्या बाजूला. तरी शहरातला माणूस घरून निघताना आपल्या गल्लीतला पाऊस बघून रेनकोट ठरवतो, आणि माझा रेनकोट तसाच, गल्लीपुरता होता.

बरीचशी वाट आता डांबरी आहे. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी, पुढून मागून 'बम बम भोले'. खरी फेरी डांबर सुटल्यावर सुरू होते. भाताच्या खाचरांमधून बांधाबांधाने पायवाट जाते, आणि लाखो पायांनी रात्रभर तुडवलेला बांध पहाटेपर्यंत बांध राहत नाही. त्याचा रेंदा होतो. पहिने मागे पडल्यावर कुठेतरी माझा उजवा पाय घोट्याच्या वर गेला. ओढला. पाय आला, बूट आला, पण 'पच्च' असा आवाज झाला आणि बूट हलका लागला. बघतो तर तळवा खाली राहिलेला. त्या नक्षीसकट. दुकानदार खरं बोलला होता, तो घसरला नाहीच.

बांधाच्या कडेला एक म्हातारी इरलं पांघरून उभी होती. इरलं आता फार कुठे दिसत नाही, सगळ्यांच्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ असते. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या बुटाकडे बघितलं.

"काढ की ते, दादा. बोटं मोकळी सोड. बोटं धरत्यात माती."

काढले.

"आन पाय सरळ वर नको उपसू. टाच आधी. जरा फिरव. वारा आत गेला का सोडतो चिखल."

फिरवला, आणि खरंच सुटला. रुतलेल्या पायाखाली हवा शिरायला जागाच नसते, म्हणून चिखल धरून ठेवतो. टाच तिरकी उचलली की कडेने फट पडते आणि पकड सुटते. हे मी शाळेत पिचकारीच्या चित्रासकट शिकलो होतो. पाठ होतं, पायात उतरलं नव्हतं. पुढचे चार तास मी टाच उचलत, फिरवत, बोटं पसरत चाललो. लगद्यात बोटं पसरली की खालचा घट्ट थर लागतो, गार आणि गुळगुळीत, आणि पाय तिथे टेकतो. घोटा सोडून दुसरीकडे लक्ष द्यायची सोय नाही.

मधल्या एका ओढ्यावर मेहुणा हरवला. "दाजी, दोराला धरा" एवढं ऐकू आलं, मग गर्दी आली आणि तो नाही. फोन पिशवीत, पिशवी पिशवीत. चुकामूक ही या फेरीची जुनीच परंपरा आहे म्हणा. विठ्ठलपंत मुलांना घेऊन याच डोंगराला प्रदक्षिणा घालत होते, वाघ समोर आला, पळापळ झाली, छोटे निवृत्तिनाथ वाट चुकून गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. मी वाट चुकलो तर मला एक चहावाला भेटला. त्याच्याकडे मेहुणा आधीच बसला होता, दुसरा कप संपवत.

तिथे बसल्यावर लक्षात आलं की ज्या डोंगराभोवती आम्ही रात्रीपासून फिरतोय तो अजून दिसलेलाच नाही. उजवीकडे फक्त धुकं, आणि त्यातून पांढऱ्या रेघांसारखं उतरणारं पाणी. मी मेहुण्याला विचारलं, गेल्या वर्षी दिसला होता का? त्याने आठवून बघितलं. त्याच्या आधी? मी आठ वर्षं येतोय. खाचर आठवलं, तो ओढा आठवला, पाय कुठे कुठे गेला ते सगळं आठवलं. डोंगर नाही.

जानेवारीत एका लग्नासाठी मोटारसायकलवरून तिकडे गेलो. आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि तो उभा होता, काळा, उभ्या कड्यांचा, अंगाखांद्यावर पावसाळ्यातला एकही ओहोळ नसलेला. मागे बसलेला मेहुणा ओरडला, "दाजी, तो बघा ब्रह्मगिरी!" मी हो म्हणालो. माझं लक्ष रस्त्याकडेच्या वावरांत होतं. भात कापून झालेली, भेगाळलेली, कोरडी. त्यातल्या नेमक्या कुठल्या बांधाशी माझा तळवा पुरलाय, ते बघत होतो.