तुम्ही विचारलंत म्हणून: हाक ऐकू येते, मग बोलणं का कळत नाही?

“दार आपटलं की आई दचकते, हाक मारली की ‘ओ’ देते. मग सांगितलेलं का कळत नाही? सोयीचं तेवढंच ऐकते का?” मी कान तपासण्याचं काम करते. आठवड्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी मला हे विचारतं, तेही बहुतेक वेळा त्या माउलीच्या देखत. तिला फार लागतं ते. ती सोंग करत नाही हो.

पाट, ताट, खाट, लाट. पुटपुटून बघा. कानावर ठसतो तो ‘आ’. स्वरांमध्ये जोर असतो आणि तो मुख्यतः खालच्या पट्टीत, साधारण 1000 हर्ट्झच्या आगेमागे. ‘पाट’ आणि ‘ताट’ यांतला फरक मात्र ओठ किंवा जीभ सुटताना निघणाऱ्या हवेच्या बारीकशा फटकाऱ्यात असतो. सेकंदाच्या काही शतांश भागात तो येऊन जातो. ‘स’ची सळसळ तर बरीचशी 4000 हर्ट्झच्या वर. कोणी बोलतंय हे स्वरांवरून समजतं. काय बोलतंय ते कळायला व्यंजनं लागतात. आणि आईच्या कानातून नेमकी तीच गळालेली असतात.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी आहे. अडीच वेढ्यांची, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. कानाचा पडदा थरथरला की तीन इवलीशी हाडं ती थरथर या नळीतल्या पाण्यासारख्या द्रवापर्यंत नेतात आणि आतल्या पातळ पडद्यावर लाट उठते. जॉर्ज फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानात ही लाट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वरच्या पट्टीचा आवाज असेल तर लाट नळीच्या तोंडाशीच उंचावून विरते. खालच्या पट्टीची पार टोकापर्यंत जाते. या शोधासाठी त्यांना 1961 चं नोबेल मिळालं. इतकी वर्षं या कामात आहे, तरी या एवढ्याशा नळीचं नवल मला अजून वाटतं.

लाट जिथे उंचावते तिथल्या केसाळ पेशी मेंदूला खबर देतात. वयाने आणि गोंगाटाने आधी मरतात त्या नळीच्या तोंडाजवळच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून दाराचा धाडकन आवाज शाबूत, आणि ‘पाट’चा ‘प’ गायब.

मग लोक ओरडतात. ओरडून ‘आ’ मोठा होतो, ‘प’ तेवढा वाढत नाही. शिवाय अशा कानांना हळू ऐकू येत नाही आणि जरा चढला की आवाज टोचतो, मधली जागाच आक्रसलेली असते. त्यापेक्षा जवळ जा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, आणि त्यात व्यंजनंही तितकीच वाढतात. टीव्ही बंद करा. तोंडावर उजेड असू द्या, ओठ मिटलेले दिसले की ‘प’ डोळ्यांनाही कळतो. श्रवणयंत्र लागणार असेल तर ते लवकर बसवा.

परवा एका मुलाला मी खुर्ची आईसमोर ओढायला लावली. नेहमीच्या आवाजात त्याने विचारलं, “आई, पाट कुठे ठेवलायस?”

“माळ्यावर, परातीच्या मागे,” ती म्हणाली. “तुला कशाला हवाय?”